मथुराबाईंचा पगार

जे. पी. नगर, बेंगळूर
११ जुलै २०२५

बिंदू,

चिरंजीव लिहायला आज हात उचलत नाही. पण दिलेले आशीर्वाद काही परत घेता येत नाहीत, तेव्हा ते आहेत तिथे राहू देत.

तुझा लेख वाचला. पुण्याच्या मामेबहिणीने फोनवर पाठवला. वर लिहिलं होतं, "आपल्या बिंदूमाधवने काय सुरेख लिहिलंय, अभिमान वाटतो." मी दुकानात मेतकुटाची पाकिटं भरत होते. वाचता वाचता डोक्यात अशी तिडीक गेली की मेतकुटाच्या पाकिटांत चटणीपुडी भरली. दोन गिऱ्हाइकं तशीच घेऊन गेली, आता येतील भांडायला.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू इंग्रजीत शिरतोस आणि मला बाहेर उभी करतोस. कागदावर तुला मधेच तोंड घालता येत नाही, म्हणून कागद.

लेखाला नाव काय दिलंस, तर 'फुकटाचं व्यसन'. सरकार बायकांना बस फुकट देतं, घरच्या बाईला महिन्याला दोन हजार देतं, त्यापायी राज्याची तिजोरी रिती होते, रस्ते आणि कालवे मागे पडतात, कर भरणाऱ्यांच्या घामावर न भरणारे मजा मारतात. ठीक. तू शिकलेला, मोठमोठ्या कंपन्यांना असले सल्ले देण्यावर तुझं पोट आहे. लिही बापडा. पण मग तो मधला परिच्छेद! "माझ्याच नात्यातल्या, बंगळूरमध्ये स्वतःचं घर आणि चालतं दुकान असलेल्या एका कुटुंबात हे दोन हजार दरमहा येतात. गरज आहे म्हणून नव्हे, मिळतात म्हणून घेतले जातात. ते कुठे जातात हे त्यांनाही सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही? विचारलंस कधी, शहाण्या?

अडीच वर्षांपूर्वी तू आईला बेळगावहून आणलंस आणि "अक्का, आठ दिवस ठेव, आमच्या फ्लॅटचं काम चाललंय" म्हणून माझ्या दारात सोडून गेलास. सर्जापूर रोडवरच्या त्या फ्लॅटचं काम अजून चाललंय वाटतं. एकाच गावात राहतोस, पण फिरकला नाहीस. तुझे आठ दिवस संपेनात, तेव्हा मी तिचं नाव आमच्या रेशनकार्डावर चढवलं. इथली रीत अशी, की घरातली सगळ्यांत वडील बाई कार्डाची प्रमुख. कन्नडमध्ये तिला यजमानी म्हणतात. म्हणजे या घरची यजमानी मी नाही, आई आहे. दोन हजार तिच्या खात्यात येतात. पुण्याच्या पेपरात ज्या फुकट्या बाईला तू झोडपलंस ती श्रीमती मथुराबाई, तुझी जन्मदाती.

आणि कुठे जातात तेही ऐक. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हे आपल्या घरचं सोवळं तुला ठाऊक आहे. अण्णा माझ्याकडे आले की बरोबर आणलेली दशमी खाऊन परत जायचे. मला मूल झालं नाही. त्यामुळे ती बंदी उठलीच नाही, बिंदू. आई आली तेव्हा सुरुवातीला केळी आणि राजगिऱ्याचे लाडू यांवर राहिली. मी रडले, ओरडले. शेवटी तिनेच तोड काढली. पाटली मोडली आणि त्या पैशातून दर महिन्याला माझ्या हातावर ठेवायला लागली. विकत घेतलेलं अन्न म्हणजे लेकीचं अन्न नव्हे, असं तिचं शास्त्र. ते पैसे संपत आले, तेवढ्यात हे सरकारचे दोन हजार सुरू झाले.

ती त्याला पगार म्हणते. "माझा पगार आला का गं?" आला की आम्ही दोघी बँकेत जातो, पासबुकावर छापून आणतो, आणि घरी येऊन ती नोटा माझ्या हातावर ठेवते. मी घेते. लाज वाटते, पण घेते, कारण नाही घेतले तर ती जेवणार नाही. मग मात्र पाटावर अशी ऐटीत बसते! आमटीत मीठ कमी आहे, भात गचका झालाय, कोशिंबिरीला फोडणी का नाही. पैसे मोजणाऱ्या माणसाला तक्रारीचा हक्क असतो, म्हणते. आमच्या यजमानांनी, गुंडूरावांनी, तीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला जेवढी नावं ठेवली नसतील तेवढी ती आठवड्यात ठेवते.

हे तुझं व्यसन. पेपरात दुरुस्ती छाप. आई बरी आहे. तिला लेख दाखवलेला नाही.

अक्का


जे. पी. नगर
२९ जुलै २०२५

बिंदू,

तुझा मेसेज पोचला. "अक्का, वैयक्तिक घेऊ नकोस. प्रश्न आईचा नाही, मॅक्रोचा आहे. राज्याचं उत्पन्न मर्यादित असतं. जे वाटण्यात जातं ते बांधण्यात जात नाही."

हा मॅक्रो आपल्या घरी कधी जेवायला आला होता का रे? नाही म्हणजे, त्याची एवढी काळजी आहे तुला म्हणून विचारलं.

मी काही अगदीच ठोंब नाही. तुझं म्हणणं मला कळतं. आमच्यासमोरचा रस्ता गटारासाठी खणून ठेवलाय. कंत्राटदार बिल मिळालं नाही म्हणून माणसं घेऊन पळाला. खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून दुकानात गिऱ्हाईक येतं. मी स्वतः शिव्या घालते. आणि गुंडूराव तुझ्याच बाजूचे आहेत, हेही लपवत नाही. पुरुषांचं बसभाडं वाढवलं, दूध वाढवलं. हे रोज बसमधून उतरले की सुरू होतात, "माझ्याकडून जास्त घेतात आणि तुझ्या आईला फुकट नेतात. म्हणजे जावयाच्या खिशातून सासूचा प्रवास!" आई आतून म्हणते, "मग द्या की, हुंडा तरी कुठे कमी घेतला होता?"

तेव्हा सरकारची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. माझा राग वेगळाच आहे. तू लिहितोस, 'करदाते' आणि 'लाभार्थी'. जशा दोन जाती. कर भरणारे तुम्ही आणि घेणाऱ्या आम्ही. आई अंगाला लावायचा साबण आणते, त्यात कर. गुडघ्याला बाम चोळते, त्यात कर. अण्णा गेल्यावर शिवणकाम करून तिने तुला शिकवलं, त्या मशिनीच्या सुईदोऱ्यावरही कुठला तरी कर असणारच. जन्मभर दिला, कधी पावती मागितली नाही. आणि म्हातारपणी त्यातलं चिमूटभर परत आलं, तर ती करदात्यांच्या घामावर जगणारी? मोठ्या कंपनीला जमीन स्वस्तात दिली, वर्षानुवर्षं कर माफ केला, तर त्याला तुम्ही लोक काय म्हणता? प्रोत्साहन! आईला दिलं की व्यसन. शब्द तरी जरा सारखे तोलत जा.

शेजारची शिवलीला तुला माहीत नाही. विजापूरकडची, नवरा रंगकाम करतो. आधी इथेच दोन घरची भांडी घासायची, कारण लांब जायला बसभाडं परवडत नव्हतं. बस फुकट झाली तशी यशवंतपूरला शर्ट शिवायच्या कारखान्यात जायला लागली. आता माझ्याकडून दर आठवड्याला कोडुबळे, म्हणजे आपली कडबोळी, नेते, पोराला शिकवणी लावलीय. हे तुझ्या मॅक्रोत कुठल्या रकान्यात बसतं? मी खरंच विचारतेय. उत्तर असेल तर मराठीत दे.

अजून दुरुस्ती छापून आली नाही. तू दुसराच लेख लिहिलास म्हणे, पहिल्याहून कौतुकाचा. सरकारने याद्या धुवायला घेतल्यात, मेलेल्यांची नावं काढतायत, ही स्तुत्य मोहीम आहे वगैरे. मेलेल्यांची काढा की, कोण नको म्हणतंय.

आईचा या महिन्याचा पगार आलेला नाही. लांबला असेल. सरकार आहे, मागेपुढे होतंच. आई बरी आहे.

अक्का


जे. पी. नगर
३ सप्टेंबर २०२५

बिंदू,

आज बसून वाच. चहाबिहा बाजूला ठेव.

आईचा पगार दुसऱ्या महिन्यातही आला नाही. त्यात रेशनच्या दुकानातला माणूस म्हणाला, "अक्का, तुमच्या कार्डावरून एक नाव कमी झालंय." म्हणून आज मी आईला घेऊन ऑफिसात गेले. तिने ठेवणीतलं इरकली नेसलं. सरकारी ऑफिसात जायचं म्हणजे नीटनेटकं जावं, म्हणाली.

खिडकीतला मनुष्य तरणा, बोलायला गोड. कार्ड बघितलं, कॉम्प्युटरात बघितलं, मग आईकडे बघितलं. परत कॉम्प्युटरात बघितलं. म्हणाला, "अज्जी वारल्यात."

मी म्हटलं, "कोण अज्जी?"

"मथुराबाई. कार्डाच्या यजमानी. इथे मयत लागलंय."

आई माझ्याच बाजूला उभी! मी तिचा हात धरून खिडकीत घातला आणि म्हटलं, धरून बघा, गरम आहे का गार. तो बिचारा ओशाळला. "अय्यो, नीवु बदुकिद्दीरि अज्जी, सरी, मला दिसतंय तुम्ही जिवंत आहात. पण सिस्टिमला दिसत नाही."

मी तिथे जो आवाज चढवला, तो तुझ्या सर्जापूर रोडपर्यंत आला असेल. कुणी लिहिलं? कशावरून लिहिलं? डॉक्टरचा दाखला कुठाय? त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवला. माहिती कुणी दिली त्या जागी नाव होतं. काय नाव असेल? मथुराबाई! मथुराबाई वारल्याची खबर मथुराबाईंनी दिली.

तेव्हा आईला आठवलं. जूनमध्ये दुपारी एक मुलगी हातात पाटीसारखा फोन घेऊन घरोघर तपासणीला आली होती. मी दुकानात होते. मुलीने दारातून विचारलं, "यजमानी इद्दारा?" म्हणजे घरची यजमानी आहे का. आई डाव्या कानाने कमी ऐकते. तिने ऐकलं 'यजमान'. आणि आपल्यात बाईला यजमान विचारले म्हणजे कोण? नवरा! आईला वाटलं अण्णांची चौकशी करतेय. तिने बेळगावच्या बाजारात शिकलेल्या कन्नडमध्ये सांगितलं, "इल्लम्मा, तीरिकोंडरु." नाहीत गं बाई, वारले. त्या मुलीने हळहळून विचारलं, कधी? आईने अण्णा गेले ते सांगितलं. "बरीच वर्षं झाली की. आता काय त्याचं." मुलीने आईचं नाव विचारून लिहिलं, "सरी अज्जी" म्हणून बोट दाबलं आणि गेली. आईने तिला वर कोडुबळेही खायला दिले. स्वतःच्या मरणाचे!

तिथे आई हसली. खिडकीतला तोही हसला, रांगेतल्या बायकाही हसल्या. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग मी म्हटलं, झालं ना, कळलं ना, आता काढून टाका ते मयत. तर म्हणाला, इथून चढवता येतं, काढता येत नाही. वर पाठवावं लागतं. वरून काढतात. कधी? सांगता येत नाही. सध्या नावं कमी करायची मोहीम चालू आहे ना, वाढवायची नाही.

स्तुत्य मोहीम! तुझाच शब्द. आणि हो, तो म्हणाला, "कुणी तक्रार करायला येतच नाही, म्हणजे नोंदी बरोबरच असणार असं वरचे धरतात." मेलेली माणसं तक्रार करायला कशी येतील, एवढंही त्यांना कळू नये?

परत येताना आई बसमध्ये खिडकीशी बसली. खिडकीबाहेर बघत होती. बनशंकरीचा स्टॉप गेल्यावर म्हणाली, "ह्यांच्यामागे मी घरची यजमानी आहे हे मला ठाऊकच नव्हतं बघ. आणि कुणी विचारलं तेव्हा वारले म्हणून सांगून बसले."

तुझी ओळख आहे ना वरच्या लोकांशी? तुझ्या लेखांबरोबर त्यांच्यासोबतचे तुझे फोटो असतात. एक फोन कर. मला दुरुस्ती नको, माफी नको, काही नको. एक फोन कर.

अक्का


जे. पी. नगर
२६ सप्टेंबर २०२५

बिंदू,

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मला मराठी समजेनासं झालं. "ज्या मोहिमेचं मी जाहीर समर्थन केलं, तिच्यात घरच्या माणसासाठी शब्द टाकणं बरं दिसणार नाही. आणि इतक्या मोठ्या प्रक्रियेत एक-दोन टक्के चुका गृहीत धरलेल्या असतात. त्या यथावकाश दुरुस्त होतात."

वा रे वा! लेखात उदाहरण द्यायला आई घरची चालली. फोन करायची वेळ आली की तत्त्व आडवं आलं. आणि आई तुझी एक टक्का आहे की दोन टक्के, ते तरी सांग. म्हणजे तिला तसं सांगते, किती टक्क्यांनी मेलीस बाई.

आता मी जे लपवलं ते लिहिते. जुलैच्या शेवटच्या पत्रात 'आई बरी आहे' लिहिलं ते खोटं होतं. जुलैत पगार आला नाही तेव्हापासून तिने रात्रीचं जेवण सोडलंय. "पोटाला जड होतं गं." मग दूध सोडलं. "कफ होतो." सकाळी थोडा भात घेते, तोही एकदाच वाढू देते. आणि तक्रार करत नाही, बिंदू. आमटी अळणी झाली तरी गप खाते. त्या दिवशी मी मुद्दाम मीठच घातलं नाही, म्हटलं आता तरी बोलेल. चांगली झालीय म्हणाली. मी मोरीत जाऊन रडले.

मग मी काय केलं, तर माझ्या गल्ल्यातले दोन हजार काढले आणि तिला म्हटलं, "आई, पगार आला! एकदम सुरू झाला बघ, मीच काढून आणला." तिने नोटा कपाळाला लावल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. त्या रात्री जेवली. भाकरी जाड झाली म्हणून बोललीसुद्धा. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पण तिला तिचं पासबुक छापून आणायचं वेड. मला न सांगता शिवलीलेच्या रजेच्या दिवशी तिला घेऊन बँकेत गेली. पासबुकावर काहीच उमटलं नाही. घरी आली, दुकानात माझ्यासमोर उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "कस्तुरी, तुझेच पैसे मला दिलेस, ते मी तुला दिले, आणि मी जेवले. म्हणजे मी तुझंच खाल्लं ना? आणि तेही मला फसवून घातलंस." गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याचे सुटे पैसे मोजत राहिले.

तो लेखही तिला कळला. गुंडूरावांना वाटलं तिने वाचलाय, म्हणून ते त्यावर बोलायला गेले. मग तिने हट्टाने यांच्याकडून पूर्ण वाचून घेतला. ऐकून झाल्यावर विचारलं, "ती नात्यातली बाई मीच का हो?" मग म्हणाली, "मराठी छान लिहायला लागलाय. लहानपणी ऱ्हस्वदीर्घाच्या फार चुका करायचा." बस्स, एवढंच. तुला एक वाईट शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

तू पाठवलेले दहा हजार माझ्या फोनवर आले होते. "आईसाठी. आता हा विषय संपव." त्याच मिनिटाला परत पाठवले, मिळाले असतील. विषय संपव म्हणे! विषय म्हणजे मेतकुटाचं पाकीट आहे का, तोंड शिवून ठेवायला? आणि आईला विचारलं होतं, हो. घ्यायचे का गं बिंदूचे पैसे? म्हणाली, "तो सरकारी पगार होता. माझ्या नावाचा होता. त्यात कुणाचे उपकार नव्हते." आता तुझ्या मॅक्रोला सांग जाऊन, दोन हजारांत आणि दोन हजारांत फरक असतो.

मी परत जाऊन आले ऑफिसात. वर पाठवलंय, म्हणतात. वर म्हणजे कुठे ते कुणाला माहीत नाही.

दसऱ्याला ये. पाय धरते तुझे, मोठी असून धरते. तू समोर बसून सांग तिला जेवायला.

अक्का


जे. पी. नगर
१६ ऑक्टोबर २०२५

बिंदू,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. आईच्या पिशवीतून आलंय. तू वाचत असशील तेव्हा ती तुझ्या दिवाणखान्यात बसलेली असेल. गुंडूराव तिला बसने आणून तुमच्या गेटाशी सोडून परत फिरतील. वर येऊ नका असं मी त्यांना बजावलंय. मी आले नाही. आले असते तर तुझ्या सोसायटीने पोलीस बोलावले असते.

दसऱ्याला तू आला नाहीस. मीटिंग होती, दिल्लीला. त्या दिवशी मी बासुंदी केली होती. आईने पानाला नमस्कार केला आणि उठली. दुसऱ्या दिवशी ती घेरी येऊन मोरीच्या उंबऱ्यात बसली. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, घरात या बाईंना जेवायला देत नाही का? शेजारपाजारच्यांसमोर विचारलं. मी काय सांगणार होते? देते हो, पण ती वारलीय, म्हणून खात नाही?

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मी बिंदूकडे जाते. लेकाच्या घरी खायला आईला कुणाला विचारावं लागत नाही." मी पुष्कळ भांडले. नाव परत चढेल म्हटलं, दिवाळीपर्यंत चढेल म्हटलं. म्हणाली, "चढलं की येईन. तोवर इथे राहिले तर तुझ्या दारात मरेन, आणि मग लोक तुला बोलतील."

तेव्हा ही आली. तू लिहिलं होतंस ना, याद्या धुतल्यावर राज्याचे पैसे वाचले? वाचले नाहीत, बिंदू. तो खर्च सरकारच्या वहीतून निघाला, माझ्या चुलीपाशी येऊन बसला, आणि आज तुझ्या सोफ्यावर येऊन टेकलाय. तुझ्या मॅक्रोत तो दिसणार नाही. तुझ्या बायकोला, हर्षिताला, दिसेल, कारण तिला आता एक माणूस जास्त धरून कुकर लावावा लागेल.

आईला सकाळी कॉफी लागते, स्वल्प दूध घालून. डाव्या बाजूने बोलू नका. बाथरूमला कोरडी पायपुसणी ठेवा, ती घसरते. भात मऊ लागतो. तुझ्या लेकीला, इराला, सांग, आजीशी मराठीत बोल, मोडकं असलं तरी चालेल. गुडघ्याचा बाम पिशवीत आहे, त्यावरचा कर मी भरलाय.

आणि ऐक, ऑफिसचा तो अर्ज दुमडून पिशवीच्या कप्प्यात ठेवलाय. आता बरं दिसणं-न दिसणं गेलं खड्ड्यात. तिचं नाव परत चढव. फोन कर, जाऊन उभा राहा, काय वाटेल ते कर. मला माझी आई परत हवी आहे. तिच्याशिवाय दोन दिवसांतच हे घर मला खायला उठेल. माझ्या आमटीला नावं ठेवायला मला कुणीतरी हवंय रे.

आणखी एक सांगायचं आहे. ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते.

आज सकाळी तिची पिशवी भरत होते. तिने पदराची गाठ सोडली. आत पाटलीच्या पैशातले शेवटचे राहिलेले काही होते, चुरगळलेले. मी म्हटलं, हे कशाला, लागलं तर बिंदू आहे की. म्हणाली, "त्यालाच द्यायचेत. या महिन्याच्या जेवणाचे."

मी म्हटलं, "अगं, तूच तर म्हणालीस, लेकाच्या घरी विचारावं लागत नाही. लेक आहे ना तो तुझा?"

ती गाठ परत बांधायला लागली. बांधता बांधता म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. अडीच वर्षांत एकदाही आला नाही गं तो. मुलीकडे विकत घेऊन खाल्लं, मग परक्याकडे फुकट कशी खाऊ?"

आज जेवण झालं की ती ते पैसे तुझ्या हातावर ठेवील. तुला लाज वाटेल. नको म्हणावंसं वाटेल, रागावशील, इंग्रजीत काहीतरी बोलशील. तसं करू नकोस. तू नाही घेतलेस तर ती रात्री जेवणार नाही. मी आजवर घेत आले, बिंदू. आता तू घे.

कस्तुरी